बाबांचा रोलवाला कॅमेरा सापडला, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला वापरू का गपचूप डिजिटलच?

सोमवारपेठी

मंडळी नमस्कार. आधी कुणी असा धागा काढला असेल तर लिंक द्या, मला शोधून मिळाला नाही.

झालं असं की दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक जुनी सुटकेस खाली काढली, तिच्यात आईच्या दोन इरकली, एक गोधडी आणि तळाशी बाबांचा पेंटॅक्स के १००० निघाला, ५० एमएमची एफ २ लेन्स लावलेली. बाबांनी ८९ साली मित्राच्या भावाकडून घेतला होता, तो मस्कतहून आला होता. माझ्या बारशापासून मुंजीपर्यंतचे सगळे फोटो ह्यातलेच. हातात घेतला तर काय वजन आहे राव, आणि शटर दाबलं की जो खट्टाक आवाज येतो ना, माझ्या कॅननच्या २००डी ला तसला आवाज सात जन्मात येणार नाही.

आता मुद्दा. जानेवारीत आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, कसब्यात छोटा हॉल घेतलाय, शंभरेक माणसं, संध्याकाळी एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं. डोक्यात किडा वळवळतोय की हा कार्यक्रम बाबांच्या कॅमेऱ्यावरच रोलने काढावा. इन्स्टावर लोक रोलचे फोटो टाकतात ते बघून जीव जळतो, रंग काय येतात, आणि आमच्या घरातले जुने अल्बम बघितले तरी वाटतं की ह्यात जे आहे ते माझ्या मोबाईलमधल्या चौदा हजार फोटोंत नाही. पण ते रोलमुळे आहे का मी तेव्हा लहान होतो म्हणून आहे ते कळत नाही. बायको म्हणते हौस कर पण आजीच्या जिवावर नको.

तर खरंच फरक असतो का? आणि असला तर नवशिक्याने एवढ्या मोठ्या दिवशी रिस्क घ्यावी का?

ता. क. आत रोल आहे बहुतेक, काउंटर २२ वर आहे. बाबा म्हणतात २००१ च्या गोव्याच्या ट्रिपचा. चौदा फोटो शिल्लक होते म्हणून धुवायला टाकला नाही, संपला की टाकू म्हणाले, मग बाबांची नागपूरला बदली झाली आणि राहिलंच. आमच्या घरात "गोव्याचे फोटो त्या रोलमध्ये आहेत" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय.

उगाच_एक

मोबाईलवर काढ, वरून फिल्टर मार, थोडे दाणे टाक, कडेला केशरी तारीख टाक. आजीला काय कळतंय.

बिट_बाइट

उगाचरावांशी अर्धा सहमत, पण कारण वेगळं.

आधी पैशाचं बोलू. मी मध्ये शौक म्हणून सहा महिने रोल वापरला. रोल साडेनऊशेला पडायचा, धुणं आणि स्कॅन पाचशे, म्हणजे साडेचौदाशे भागिले ३६, फोटोमागे चाळीस रुपये. त्यातले दहा हललेले, चार डोळे मिटलेले, दोनात माझंच बोट. धरून चाला की धड फोटो सत्तर-ऐंशीला पडतो. वडापाव खाऊन पोट तरी भरतं.

आता "फिल्मचा लूक". लॅबमधून तुला येतो काय तर जेपेग. निगेटिव्ह स्कॅन होते, स्कॅनरचं सॉफ्टवेअर आपल्या मनाने रंग ठरवतं, ऑपरेटर वर थोडा पिवळा नाहीतर निळा ढकलतो, आणि आपण म्हणतो अहाहा काय फिल्मचे रंग. एकच निगेटिव्ह दोन लॅबना देऊन बघ, दोन वेगळ्या गावचे फोटो येतील. २००० नंतर बहुतेक मिनीलॅबमध्ये निगेटिव्ह आधी स्कॅन व्हायची आणि मग लेझरने कागदावर उमटायची, त्यामुळे अल्बममधले त्या काळातले "ओरिजिनल" प्रिंटसुद्धा मधल्या मध्ये डिजिटल होऊन आलेत. शिवाय साधा स्कॅन साधारण ३००० बाय २००० पिक्सेलचा, म्हणजे ६ मेगापिक्सेल. तुझ्या २००डी चा सेन्सर २४ चा आहे.

एक मान्य करतो. ३५ एमएमची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची असते आणि २००डी चा सेन्सर त्याहून बराच लहान, त्यामुळे तीच ५० ची लेन्स के १००० वर जेवढं दाखवते आणि मागचं जसं विरघळवते तसं तुझ्याकडे होत नाही. तुला अल्बममध्ये जे आवडतंय त्यातलं निम्मं हेच असणार. पण ते फुल फ्रेम (निगेटिव्हएवढाच सेन्सर असलेला) डिजिटल भाड्याने आणलास तरी मिळेल, त्यासाठी रोल कशाला.

अवांतर: डिजिटल कॅमेरा पहिल्यांदा बनवला कोडॅकच्याच माणसाने, स्टीव्हन सॅसन, १९७५. शंभर बाय शंभर ठिपके, ब्लॅक अँड व्हाइट, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद आणि वजन साडेतीन किलोच्या वर. पुढे २०१२ च्या जानेवारीत ह्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तरी रोल अजून तीच बनवते, आणि तो आपण साडेनऊशेला घेतो. हसावं का रडावं.

हायपो काका

सोमवारपेठी बाळा, आधी एक काम. मागचं दार उघडू नकोस. उघडलंस का? नसशील तर हात जोडून सांगतो, उघडू नकोस.

कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला रोल गुंडाळायचा नॉब आहे, त्याची छोटी दांडी बाहेर काढ आणि बाणाच्या दिशेने हळूच फिरव. खालचं बटण दाबायचं नाही, नुसतं फिरव. अर्ध्या-एक फेऱ्यात ताण लागून अडला तर रोल आत नीट ताणलेला आहे, मग सोडून दे. नुसताच फिरत राहिला तर तिथेच थांब आणि मला सांग. काय ते मग बोलू.

आता बाकीचं. मी ८२ ते २०११ वाईला स्टुडिओ चालवला. आता मुलगा बघतो, म्हणजे तो ड्रोन उडवतो आणि मी पासपोर्ट काढतो. त्यामुळे माझं मत रोलच्या बाजूचं असेल असं लोकांना वाटतं. तसं नाही. २००५ ला निकॉनचा डी ७० घेतला आणि दुसऱ्या महिन्यात एनलार्जरवर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवायच्या यंत्रावर, चादर टाकली, आनंदाने टाकली. ज्यांना डार्करूम म्हणजे लाल बल्ब आणि गंमत वाटते त्यांनी रोल धुतलेला नाही. रोल धुताना लाल बल्बसुद्धा चालत नाही, मिट्ट काळोख लागतो, लाल दिवा नंतर कागदावर प्रिंट करताना. आणि डेव्हलपर, म्हणजे रोल धुवायचं रसायन, हवा २० डिग्रीला. वाईत मे महिन्यात टाकीचं पाणी ३० च्या वर असायचं, लग्नसराई पण नेमकी तेव्हाच, मग गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणायची, फोडून घमेल्यात टाकायची आणि त्यात डेव्हलपरची बाटली उभी करायची. एकदा घाईत डेव्हलपर थंड केला आणि धुवायचं पाणी तसंच नळाचं गरम घेतलं. निगेटिव्हवरचा थर एकदम थंडातून गरमात गेला आणि त्याला उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या, सगळ्या नवरदेवाच्या चेहऱ्यावर. त्या घरी मी अजून चहाला जात नाही.

लग्नाला याशिका मॅट घेऊन जायचो, १२० चा रोल, एका रोलवर बारा फोटो. चार रोल म्हणजे अठ्ठेचाळीस, त्यात अख्खं लग्न बसवायचं. रोल मिळेल तो, कधी ऊटीचा इंदू, कधी पूर्व जर्मनीचा ओरवो. अंतरपाट खाली येतो तो फोटो एकच, हँडल फिरवून दुसऱ्याची तयारी करेपर्यंत हार घालून मोकळे. लोक म्हणतात त्यामुळे आम्ही विचार करून काढायचो. विचार कसला, भीती होती. पण भीतीने एक व्हायचं, मी फोटो काढायच्या आधी तिथे उभा राहून बघायचो. आता मुलगा एका लग्नाचे चार हजार काढतो, चांगले काढतो, माझ्यापेक्षा चांगले, पण घरचे लोक अल्बमसाठी दीडशे निवडायला आठ महिने लावतात, तोवर पाळणा हलायची वेळ येते.

आता तुझ्या कामाचं. निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेते, कमी झाला तर सावलीत काही उरतच नाही. डिजिटलचं उलटं, अंधारातलं तो नंतर ओढून वर काढतो पण पांढरं एकदा फुटलं की फुटलं, भटजींचं धोतर गेलं की गेलं. म्हणून तू डिजिटलवर जसा मोजून थोडा कमी उजेड घेतोस तसा रोलवर घेतलास तर सगळे फोटो चिखल होतील.

हॉलमध्ये ट्यूबलाइट असणार. रोल बनवलेला असतो दिवसाच्या उजेडासाठी, ट्यूबखाली तो हिरवट पडतो आणि पिवळ्या बल्बखाली भगवा. घरातले ९० सालचे हळदीचे फोटो काढून बघ, नवरी आजारी दिसते की नाही. डिजिटलवर व्हाइट बॅलन्सचं एक बटण फिरवलं की झालं. आणि एक्क्याऐंशी दिव्यांचं म्हणशील तर नुसत्या दिव्यांच्या उजेडात, ४०० चा रोल (आकडा मोठा तेवढा रोल कमी उजेडात चालतो) आणि एफ २ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडून, शटर १/१५ सेकंदाच्या आसपास येईल. तेवढ्यात आजी हलणार, ओवाळणारी हलणार आणि तुझा हातही हलणार. ब्लॅक अँड व्हाइट ४०० चा घेऊन १६०० ला काढलास आणि लॅबला दोन स्टॉप पुश, म्हणजे जास्त वेळ धुवायला, सांगितलंस (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तर १/६० मिळेल, हिरव्याची भानगडही नाही. पण मग अख्खा रोल १६०० लाच काढायचा, मधेच बदलता येत नाही.

म्हणून माझं ऐक. कार्यक्रम डिजिटलवर. बायको बरोबर बोलतेय. रोल ज्या दिवशी फोटो नाही आले तरी चालेल त्या दिवशी घाल.

चिपळूणकरीण

हायपो काका, भेगांचा किस्सा वाचून खूप हसले 😄 वाचनखूण साठवलीय.

माझा मुद्दा फोटो काढण्याचा नाही, नंतरचा आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात माळ्याच्या खाली वीतभर राहिलं होतं. खालचं कपाट तीन दिवसांनी उघडता आलं. त्यात अल्बम होते, निगेटिव्हची पाकिटं होती आणि नवऱ्याची हार्ड डिस्क होती जिच्यात २००७ ते २०१५ चं सगळं. अल्बमचे प्रिंट एकमेकांना चिकटून वीट झाली होती, ओढायला गेलं की सासऱ्यांचं अर्धं तोंड दुसऱ्या पानावर. हार्ड डिस्क वाळवली, दोघांना दाखवली, काही नाही. निगेटिव्ह मात्र मी सोडल्या नाहीत. बादलीत स्वच्छ पाणी घेतलं, एकेक पट्टी अलगद हलवून चिखल सोडवला, बोट लावायचं नाही, शेवटच्या पाण्यात शाम्पूचा एक थेंब म्हणजे डाग पडत नाहीत, आणि मग बाल्कनीत दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगल्या. कपड्यांना जागा नव्हती आणि माझ्या दोरीवर माझंच लग्न वाळत होतं. सत्तरेक टक्के वाचल्या.

पण खोटं कशाला बोलू, मोबाईलमधले सगळे फोटो गूगलवर होते, ते जसेच्या तसे राहिले, मला काही करावंही लागलं नाही. त्यामुळे रोल अमर आणि डिजिटल नाशवंत असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणेन. एकाच कपाटात सगळं ठेवणारे आम्ही, चूक आमची.

अजून एक, कोकणातली म्हणून सांगते, तो कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये असेल तर आधी बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून बघा. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या अधूनमधून बदलायच्या.

आळसोबा

सत्तर रुपयांत धड फोटो म्हणे. आमच्याकडे फोटोग्राफर बाहेर निघाला की गाडीत बसायचेच दोन हजार घेतो.

सोमवारपेठी

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना.

चिपळूणकरीणताई, टॉर्च मारून बघितलं, कडेला एक छोटं जाळं आहे, मधे स्वच्छ आहे. केस फेकली.

काका, दार उघडलं नव्हतं, देवाची कृपा. नॉबचं रविवारी बाबांसमोर करतो कारण ते म्हणाले मी असताना कर.

बिट_बाइट, पटतंय तुझं, स्कॅनचं तर माहीतच नव्हतं. पण मग रोल कुणी वापरूच नये का? आणि एक प्रश्न, मामा डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येतोय, त्याला रोल आणायला सांगू का?

दूरदेशी

मामाला एकच सांग, रोल चेक-इन बॅगेत टाकायचा नाही, कधीच नाही. तिथलं मशीन जोरदार असतं. आणि केबिन बॅगेलासुद्धा आता बऱ्याच एअरपोर्टवर सीटी स्कॅनर आलेत, जुनं एक्स-रे मशीन ४०० पर्यंतच्या रोलला फारसं काही करायचं नाही पण हे सीटीवालं एका फेरीत रोल धुकट करू शकतं. रोल डबीतून काढून पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवायचे आणि हाताने तपासा म्हणून सांगायचं, मी न्यूअर्कला दर वेळी तसंच करतो, रांगेतली मागची माणसं शिव्या घालतात तेवढ्या खायच्या. काढलेला पण न धुतलेला रोल असेल तर त्याला पण तेच, म्हणून मी पुण्यात काढलेला पुण्यातच धुवून घेतो.

बिट_बाइट

"कुणी वापरूच नये का" असं म्हटलं नाही रे मी. लूकसाठी वापरू नये असं म्हणालो. लूक मिळतो दुसरीकडे. मला सहा महिन्यांत जे मिळालं ते वेगळंच, मागे स्क्रीन नव्हती. म्हणजे फोटो काढला की मान खाली घालून बघायची सवय असते ना, पहिले दोन रोल मी फोटो काढून कॅमेऱ्याच्या पाठीकडे बघत होतो, काळं झाकण. तिसऱ्या रोलपासून समोर बघायला लागलो. आता ह्याला चाळीस रुपये द्यायचे का ते ज्याचं त्याने ठरवावं, मी नाही देत, मी स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावलीय 😛

हायपो काका

बिट_बाइट, तुझं स्कॅनचं बरोबर आहे, रंगीत रोलला तर शंभर टक्के. ब्लॅक अँड व्हाइटला मधे कॉम्प्युटर न घालता कागदावर उतरवता येतं, एनलार्जर चादरीखाली आहे अजून. आणि ते टिकतं, कारण त्यात चांदी असते, रंगीतात नुसता रंग, तो उडतो. पण धुतलं नीट असेल तरच. ज्यांनी कंटाळा करून हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) पूर्ण निघेपर्यंत पाणी फिरवलं नाही त्यांच्या आजोबांच्या तसबिरी पिवळ्या पडल्यात, रोलला दोष देऊ नका, माझ्यासारख्या कुणातरी कंटाळलेल्या माणसाला द्या.

सोमवारपेठी

रविवार झाला. ऐका.

सगळे हॉलमध्ये बसलो, बाबा, आई, आजी, बायको. बाबांनी स्वतः नॉब फिरवला, काकांनी सांगितलं तसा. एक फेरी. दीड फेरी. फिरतोच आहे. ताण नाही, अडणं नाही, नुसता गिरगिर. तिथेच थांबवलं. काकांना खाजगी निरोप पाठवला, ते म्हणाले रात्री दिवे घालव, कपाटात शिर, अंगावर गोधडी घे आणि दार उघडून बोटाने चाचपून बघ, डोळ्याने नाही. सुटकेसमधलीच गोधडी घेऊन शिरलो. आतून आईला ओरडून सांगत होतो. डावीकडे रोलची डबी, तिच्यातून बाहेर आलेली जीभ दोन बोटं, आणि उजवीकडची चकरी रिकामी. गुळगुळीत रिकामी. रोल त्या खाचेत कधी अडकलाच नव्हता. काउंटर उजवीकडच्या, रोल पुढे सरकवायच्या दांडीबरोबर पुढे जात राहिला, १, २, ३ करत २२, आणि आत रोल आपला डबीत झोपलेला.

म्हणजे गोव्याचे फोटो नाहीतच. चोवीस वर्षं आम्ही सांगतोय त्या रोलमध्ये आहेत, आणि एकही नाही. बाबा पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले दांडी तर फिरत होती की. आई म्हणाली मी तेव्हाच म्हणाले होते आवाज वेगळा येतोय. (आईने तेव्हा असं काही म्हटलं नव्हतं, बाबांना विचारलं.)

आजी मात्र खूश. तिने गोव्याला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा पंजाबी ड्रेस घातला होता, आत्याचा, आणि बाबांनी मिरामारला पाण्यात उभं करून तिचे चार फोटो काढले होते. हे मला माहीतच नव्हतं. म्हणे चोवीस वर्षं धाकधूक होती की हा रोल कुणीतरी धुवून आणेल आणि सगळ्या नात्यात दाखवेल, म्हणून माळ्यावर ती सुटकेस सगळ्यात मागे ढकलून ठेवली होती तिनेच. आता बाथरूमला जाताना पण हसतेय.

कार्यक्रम डिजिटलवरच काढतोय, ठरलं. पण काका, तो रोल तर कोराच आहे ना? जीभ तेवढी उजेडात आलेली, बाकी डबीतच. कोडॅकचा २०० चा. ह्याच रोलवर आधी कॅमेरा टेस्ट करून घेऊ का? आणि मग उरलेल्यावर आजीचे काढीन म्हणतो. बायकोने आत्याला फोन करून ड्रेस आहे का विचारलंय.

चिपळूणकरीण

आत्याने ड्रेस ठेवला असला तर इथे फोटो टाकल्याशिवाय धागा बंद करायचा नाही.

बिट_बाइट

मी चाळीस रुपयांचं सगळं मागे घेतो, ह्या रोलचे मी देतो.

हायपो काका

एका लग्नात माझं हेच झालं होतं, अंतरपाटापासून पंगतीपर्यंत छत्तीस. मी त्या घरी पण चहाला जात नाही.

ह्या रोलवर टेस्ट करू नकोस. फोटो खराब आले तर दोष जुन्या रोलचा का जुन्या कॅमेऱ्याचा ते तुला कळणार कसं? टेस्टला नवा रोल आण, कुठलाही स्वस्तातला. त्याआधी तीन गोष्टी कर. मीटरचा (उजेड मोजतो तो) बटणसेल बदल, आणि वापरत नसशील तेव्हा लेन्सला टोपण लाव, ह्या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच नाही, उजेड लागला की सेल उतरत जातो. मीटरची सुई मध्यावर आण आणि तुझ्या २००डी वर तेच आयएसओ (रोलवरचा तो आकडा) ठेवून तीच भिंत मोजून बघ, दोघांचं जुळतंय का. आणि मागच्या दाराच्या खाचेत काळा फोम असतो त्याला बोट लाव, डांबरासारखा चिकटला तर खरवडून काढ आणि काळ्या लोकरीचा धागा खाचेत बसव, नाहीतर कडेने उजेड शिरून प्रत्येक फोटोवर लाल पट्टा येईल.

जुन्या रोलचं असं की रंगीत रोल दर दहा वर्षांना साधारण एक स्टॉप मंदावतो. चोवीस वर्षं झाली, माळ्यावर पत्र्याखाली शिजला असेल तर थोडा जास्तच. डायल २०० वर ठेवू नकोस, ५० वर ठेव, आणि शंका आली की अजून एक स्टॉप जास्त उजेड दे. रंग हलतील, थोडे दाणे येतील, ते येऊ देत. घरात नाही, ट्यूबखाली तर नाहीच, सकाळी साडेनऊ-दहाच्या उन्हात गच्चीवर आजीला खुर्ची टाकून बसव. ड्रेस मिळाला तर तोच. एफ ४ ला ठेव. लॅबला सांग जुना रोल आहे, नेहमीसारखाच धुवा, आणि निगेटिव्ह परत द्या, फेकू नका.

रोल भरताना जीभ खाचेत घाल, दार उघडं ठेवूनच एकदा दांडी ओढ, दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसली का बघ, मग दार लाव. आणि त्यानंतर प्रत्येक वेळी दांडी ओढताना डावीकडचा नॉब उलटा फिरतोय का बघ. फिरत असेल तर रोल पुढे जातोय. बाबांना पण दाखव.